सरकारी काम ऑनलाइन करताय? गाइड जरूर वाचा, पण लिंक स्वतः शोधा

युरोपात जायला ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या लोकांसाठी युरोपियन युनियनने एक ऑनलाइन परवानगी ठरवली, तिचं नाव एटियास. कायदा झाला २०१८ मधे, पण प्रत्यक्ष सुरू होणं पुढे पुढे ढकलत गेलं. आणि गंमत बघा, मूळ सेवेचा पत्ता नसताना तिच्या नावाच्या साइट मात्र कधीच्याच सुरू झालेल्या, निळा रंग, पिवळे तारे, सगळं कसं अगदी ऑफिशियल दिसणारं. शेवटी युरोपच्या सीमा सांभाळणारी जी संस्था आहे ना, फ्रंटेक्स, तिला लोकांना सावध करावं लागलं की बाबांनो ह्या साइट आमच्या नाहीत, खरी साइट युरोपा डॉट ईयू ह्या पत्त्यावर असते, बाकी कुठे पैसे भरू नका.

म्हणजे जी सेवा सुरूच झालेली नाही तिच्या नावानेसुद्धा दुकान लावता येतं. मग जी सेवा चालू आहे, जिच्यासाठी रोज लाखो लोक सर्च करतात, पासपोर्ट, लायसन्स, टॅक्स, जन्मदाखला, तिथे काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

ह्यावर लगेच मिळणारा सल्ला म्हणजे "फक्त सरकारी साइटवरच जा". बरोबर आहे, पण सरकारी साइट कोणती तेच तर कळत नसतं ना! ते कळलं असतं तर माणूस सर्च करायला गेलाच नसता. म्हणून लोक आधी कुठलातरी गाइड वाचतात, कोणीतरी स्टेप बाय स्टेप लिहिलेलं असतं, कोणीतरी व्हिडिओ केलेला असतो, आणि माझं म्हणणं असं की हे करण्यात चूक काही नाही. उलट कितीतरी वेळा गाइड हा सरकारी पानापेक्षा जास्त कामाचा असतो. फक्त त्याच्याकडून काय घ्यायचं आणि काय नाही घ्यायचं हे आधी डोक्यात पक्कं हवं. थोडक्यात, गाइडकडून माहिती घ्यायची, दरवाजा मात्र आपला आपण शोधायचा. रस्ता सांगणाऱ्याच्या हातात आपण पाकीट देत नाही, तसं.

आता गाइड लागतातच का हे आधी बघू, कारण ते कळलं की पुढचं सोपं जातं.

सरकारी साइट बनते ती खात्याच्या रचनेप्रमाणे. अमुक संचालनालय, तमुक विभाग, मग परिपत्रकं, मग नागरिकांची सनद, आणि त्यात कुठेतरी चौथ्या पातळीवर एका पीडीएफच्या आत तुमचं काम. आपण मात्र सर्च करतो आपल्या भाषेत. "वडिलांच्या नावची गाडी माझ्या नावावर कशी करायची" असं आपण टाइप करतो, आणि खात्याच्या लेखी त्याचं नाव असतं मालकी हस्तांतरण, त्याला एक फॉर्म नंबर असतो, वारसाहक्काने असेल तर आणखी वेगळा फॉर्म. खात्याच्या पानावर तुमचे शब्दच नसतात, मग सर्च इंजिन ते पान वर आणणार कसं? तुमचे शब्द कोणाच्या पानावर असतात तर गाइड लिहिणाऱ्यांच्या, आणि नेमके ठग लोकांच्या पण. लोक काय टाइप करतात ह्याचा अभ्यास करूनच ते पान बनवतात, तो त्यांचा धंदाच आहे.

आणि कधी कधी तर खरी सेवा मुद्दाम लपवलेली असते. अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो. तिथे २००२ पासून टॅक्स खातं आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यात एक करार आहे, फ्री फाइल नावाचा, कमी उत्पन्नवाल्यांना कंपन्यांनी रिटर्न फुकट भरू द्यायचं आणि बदल्यात सरकारने स्वतःची फुकट सेवा काढायची नाही, ही बदल्याची अट २०१९ पर्यंत होती. २०१९ मधे प्रोपब्लिका ह्या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवून दिलं की टर्बोटॅक्स हे रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंट्युइट कंपनीने आपल्या फ्री फाइलच्या पानावर असा कोड टाकलाय की सर्च इंजिनने ते पान दाखवूच नये. म्हणजे माणूस "फ्री टॅक्स" असं सर्च करणार आणि पोचणार पैसे घेणाऱ्या पानावर, खरं फुकटवालं पान आहे, चालू आहे, पण सर्चमधे येतच नाही. तेव्हा त्याच पत्रकारांनी लोकांसाठी सरळ भाषेत गाइड लिहिला की फुकट रिटर्न कुठून आणि कसं भरायचं. त्याच वर्षाच्या शेवटी करारात बदल करून असं लपवायला बंदी आली, आणि २०२२ मधे फुकटच्या जाहिरातींवरून कंपनीला अमेरिकेतल्या राज्यांशी १४.१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. हे एवढं सविस्तर एवढ्यासाठी सांगितलं की "सर्चमधे पहिलं येतं ते खरं" हा हिशोब किती कच्चा आहे ते दिसतं, आणि स्वतंत्र गाइड कधी कधी किती मोलाचा असतो ते पण.

बरं, मग गाइडमधून घ्यायचं काय?

सगळ्यात आधी घ्यायची ती नावं. सेवेचं अधिकृत नाव, फॉर्मचा नंबर, खात्याचं पूर्ण नाव, काम केंद्राच्या हातात आहे की राज्याच्या की नगरपालिकेच्या. हे हातात आलं की तुमचा सर्चच बदलतो. "गाडी नावावर कशी करायची" च्या जागी तुम्ही खात्याचं नाव आणि फॉर्म नंबर टाकता, आणि मग खरी साइट वर येण्याची शक्यता चांगलीच वाढते. दुसरं म्हणजे कागदपत्रांची यादी, फोटोचा साइज, फाइल किती केबीच्या आत हवी, कुठल्या रकान्यात लोक हमखास अडकतात, ओटीपी उशिरा येतो, असल्या बारीकसारीक गोष्टी ज्या सरकारी पानावर कोणी लिहीत नाही. तिसरं, अंदाजे फी आणि वेळ, हे फक्त अंदाजासाठी, नक्की आकडा खऱ्या साइटवर बघायचा.

घ्यायचं नाही ते एकच, लिंक. म्हणजे लिंक बघा, पत्ता वाचा, पण तिच्यावर दाबून थेट फॉर्म भरायला बसू नका. कारण गाइड प्रामाणिक असला तरी लिंक जुनी झालेली असू शकते. भारतातलंच घ्या, इन्कम टॅक्सचं ई-फायलिंगचं पोर्टल जून २०२१ मधे नव्या पत्त्यावर गेलं, त्याआधी लिहिलेल्या सगळ्या लेखांमधे आणि व्हिडिओंमधे जुनाच पत्ता. ब्रिटनने २०१२ मधे आपली डायरेक्टगव्ह ही साइट बंद करून सगळं गव्ह डॉट यूके खाली आणलं, तिथे जुन्या लिंका नव्या पानाकडे वळवल्या गेल्या, पण सगळीकडे एवढी काळजी घेतात असं नाही. सोडून दिलेला खासगी पत्ता, म्हणजे डॉट कॉम वगैरे, मुदत संपली की कोणीही विकत घेऊ शकतो. एखाद्या योजनेची साइट आधी डॉट कॉमवर होती, योजना संपली, नूतनीकरण कोणी केलं नाही, आणि तोच पत्ता आता तिसऱ्याच माणसाकडे, आणि जुने गाइड अजून तिकडेच बोट दाखवतायत. गाइडवाल्याची नियत अगदी साफ, तरी तुम्ही पोचलात भलतीकडेच.

आता गाइडवाल्याचं पोट कशावर चालतं हा प्रश्न विचारायला लाजू नका. तो फुकटात का लिहितोय? काहींचं उत्तर सरळ असतं. ब्रिटनमधे सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस नावाची धर्मादाय संस्था १९३९ पासून लोकांना हेच सगळं समजावून सांगते, ती सरकार नाही आणि आपण सरकार आहोत असं भासवत पण नाही. वर्तमानपत्रं लिहितात, ग्रंथालयं लिहितात, त्या खात्यातून रिटायर झालेला एखादा हौशी माणूस लिहितो. बहुतेक ब्लॉग आणि चॅनेल जाहिरातींवर चालतात, त्यातही गैर काही नाही, फक्त त्या पानावरच्या जाहिरातीत काय येईल हे लिहिणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसतं, म्हणजे लेख खरा आणि लेखाच्या मधोमध असलेलं हिरवं "येथे अर्ज करा" बटण भलत्याचंच, असं होऊ शकतं. हे मला फार खटकतं, कारण घाईत असलेल्या माणसाला ते बटण लेखाचाच भाग वाटतं, आणि जाहिरात बनवणाऱ्याला ते माहीत असतं.

आणि एक प्रकार असतो नंबर गोळा करणाऱ्यांचा. "तुम्ही ह्या योजनेला पात्र आहात का, दोन मिनिटांत तपासा" असा फॉर्म, त्यात नाव, मोबाइल, गाव, उत्पन्न. पात्रता बिपात्रता काही तपासत नाहीत, तुमचा नंबर विकला जातो आणि मग आठवडाभर कर्जवाल्यांचे फोन. गाइडला तुमच्याकडून काहीही लागत नाही हे लक्षात ठेवा. वाचायला नाव लागत नाही, नंबर लागत नाही, ओळखपत्राचा फोटो तर अजिबातच नाही. मागितलं तर तो गाइड नाहीये.

नक्कल करणारं पान जवळून कसं दिसतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की खोटी साइट म्हणजे चुकीचं स्पेलिंग आणि भडक रंग. तसं नसतं हल्ली. वर एक शांत निळी पट्टी, कोपऱ्यात चिन्ह, ते राजमुद्रा नसते पण राजमुद्रेच्या नात्यातलं काहीतरी असतं, पानंफुलं, सिंह, गरुड, ढाल. नावात "नॅशनल", "सेवा केंद्र", "ऑनलाइन पोर्टल" असले शब्द. मधोमध फॉर्म, खऱ्यापेक्षा सुटसुटीत, मोठी अक्षरं, एकेक प्रश्न. तुम्ही नाव भरता, पत्ता भरता, जन्मतारीख भरता, फोटो चढवता, दहा मिनिटं गेलेली असतात आणि तेव्हा कुठे शेवटच्या पानावर रक्कम दिसते, सरकारी फी अधिक "प्रोसेसिंग", आणि एवढं सगळं भरून झाल्यावर माणूस मागे फिरत नाही. पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात एक ओळ, "आम्ही कोणत्याही सरकारी संस्थेशी संलग्न नाही". ती ओळ तिथे असते ती तुमच्यासाठी नसते, उद्या वकिलाला दाखवायला असते.

पण नुसत्या त्या ओळीने दरवेळी सुटका होते असंही नाही. ब्रिटनमधे २०११ ते २०१४ च्या दरम्यान पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स वगैरे सेवांच्या अशाच नकली साइट चालवणाऱ्या सहा जणांना २०१८ मधे दोषी ठरवलं गेलं, लोकांकडून उकळलेली रक्कम ३.७ कोटी पौंडांच्या वर होती. जी कामं सरकार कमी पैशात करून देत होतं तीच जास्त पैशात, मधे फक्त एक सुंदर पान.

हां, इथे एक फरक करायला हवा. उघडपणे "आम्ही खासगी आहोत, फॉर्म भरून देतो, त्याचे एवढे पैसे घेतो" असं सांगणारा एजंट हा वेगळा, ज्याला कॉम्प्युटर जमत नाही तो पैसे देऊन काम करून घेतो, त्याची मर्जी. राग आहे तो सरकार असल्याचं सोंग आणणाऱ्यावर.

आता मुख्य कौशल्य, पत्ता वाचणं. हे एकदा नीट शिकून घ्या, नंतर जन्मभर उपयोगी पडतं आणि खरंच अवघड नाहीये.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो पत्ता असतो त्यात सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्या. तिथून पुढे पहिली एकटी तिरकी रेघ येईपर्यंतचा तुकडा तेवढा कामाचा. त्या रेघेच्या पुढे काय लिहिलंय त्याला काडीची किंमत देऊ नका, तिथे मालक वाट्टेल ते लिहू शकतो. आता तो जो तुकडा आहे तो उजवीकडून डावीकडे वाचायचा, आपण वाचतो त्याच्या उलटा. मालक कोण ते उजव्या टोकाला कळतं.

समजा पत्ता असा आहे, पासपोर्ट डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम. डावीकडून वाचलं की पासपोर्ट दिसतं, गव्ह दिसतं, इन दिसतं, मन खूश. उजवीकडून वाचा, कॉम, मग अमुक. संपलं, ही साइट अमुक डॉट कॉमच्या मालकाची आहे, पुढचं पासपोर्ट आणि गव्ह त्याने स्वतःच्या हाताने फुकटात लावलेलं आहे. ज्याने अमुक डॉट कॉम विकत घेतलं तो त्याच्या डावीकडे कितीही डॉट लावून काहीही लिहू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. तसंच डॉटच्या जागी छोटी आडवी रेघ, पासपोर्ट-गव्ह-इन डॉट कॉम, हे अख्खं एकच नाव आहे, कोणीही विकत घेतलेलं. आणि तिसरी तऱ्हा, अमुक डॉट कॉम, तिरकी रेघ, मग गव्ह डॉट इन. रेघेच्या पुढचं, म्हणजे सोडून द्यायचं.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा खेळ पण असतो. इंग्रजी छोटा एल आणि मोठा आय बऱ्याच फॉन्टमधे जुळे भाऊ दिसतात, आर आणि एन चिकटून आले की एम वाटतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे दुसऱ्या लिपीतलं अक्षर, रशियन लिपीतला ए आपल्या इंग्रजी ए सारखाच दिसतो पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळा. २०१७ मधे एका संशोधकाने अशी अक्षरं वापरून अ‍ॅपलच्या नावाचा हुबेहूब दिसणारा पत्ता बनवून दाखवला होता, तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समधे तो ओळखू येत नव्हता, नंतर क्रोमने त्यावर दुरुस्ती केली. डोळ्यांनी हे पकडणं कठीण, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारा आणि आपोआप भरणारा प्रोग्रॅम, वापरा असं मी सांगतो, कारण तो दिसण्यावर जात नाही, पत्त्यावर जातो. सेव्ह केलेला पासवर्ड आपोआप भरला गेला नाही की थांबायचं आणि पत्ता परत बघायचा.

मोबाइलवर आणखी एक अडचण. मेसेजमधून किंवा सोशल मीडियाच्या अ‍ॅपमधून लिंक उघडली की ती त्याच अ‍ॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमधे उघडते, तिथे पत्ता अर्धाच दिसतो नाहीतर नुसतं पानाचं नाव दिसतं. तिथून बाहेर पडून नेहमीच्या ब्राउझरमधे उघडा. आणि लिंकवर दाबायच्या आधी बोट जरा वेळ दाबून धरलं तर खरा पत्ता खाली दिसतो, निळ्या अक्षरात लिहिलेलं एक आणि मागचा पत्ता दुसराच असणं हे अगदी कॉमन आहे. व्हिडिओखालच्या छोट्या केलेल्या लिंकमधे तर काहीच दिसत नाही, तिथे माझा सरळ नियम, दाबायचं नाही.

मग उजव्या टोकाला काय असलं की सरकारी समजायचं? भारतात गव्ह डॉट इन आणि निक डॉट इन, हे सरकारी संस्थांपुरतेच राखून ठेवलेत. अमेरिकेत डॉट गव्ह, त्याचं काम २०२१ पासून सायबर सुरक्षा बघणारी सीसा ही सरकारी संस्था बघते. ब्रिटनचं गव्ह डॉट यूके, ऑस्ट्रेलियाचं गव्ह डॉट एयू, न्यूझीलंडचं मात्र जीओव्हीटी डॉट एनझेड, शेवटी टी आहे. जपानचं जीओ डॉट जेपी, फ्रान्सचं गूव्ह डॉट एफआर. कॅनडाचं मुख्य सरकारी ठिकाण कॅनडा डॉट सीए, त्यात गव्ह हा शब्दच नाही. जर्मनीत केंद्र सरकारचं बरंचसं बुंड डॉट डीई वर, पण तिथे अनेक सरकारी साइट साध्या डॉट डीई वर पण आहेत, स्वीडनचं टॅक्स खातं साध्या डॉट एसई वर.

म्हणजे गव्ह नाही म्हणून खोटी असंही म्हणता येत नाही. भारतात रेल्वेचं तिकीट ज्या आयआरसीटीसीवर काढतो ती सीओ डॉट इन आहे, आणि ती खरीच आहे. व्हिसाचे अर्ज कितीतरी देशांच्या वतीने व्हीएफएस ग्लोबल ही खासगी कंपनी घेते, तिची साइट डॉट कॉम, आणि तीही अधिकृतपणे नेमलेली. अशा वेळी काय करायचं तर उलट्या दिशेने जायचं. ज्या सरकारचं काम आहे त्याच्या मुख्य साइटवर जायचं, म्हणजे व्हिसासाठी त्या देशाच्या दूतावासाच्या, आणि तिथून लिंक कुठे जाते ते बघायचं. सरकारी साइट स्वतःहून त्या कंपनीकडे बोट दाखवत असेल तर ठीक. कंपनी स्वतःबद्दल "आम्ही अधिकृत" म्हणते ह्याला अर्थ नाही, सगळेच म्हणतात.

ह्यासाठी बहुतेक देशांचं एक मुख्य पोर्टल असतं, भारताचं इंडिया डॉट गव्ह डॉट इन, अमेरिकेचं यूएसए डॉट गव्ह, ब्रिटनचं तर सगळंच एका ठिकाणी. तो पत्ता हाताने टाइप करा, आत खात्याचं नाव शोधा, जे नाव तुम्हाला गाइडने दिलं होतं, आणि खाली उतरत जा. गाइडमधला पत्ता आणि तुम्ही स्वतः शोधलेला पत्ता एकच निघाला की पुढे जायला हरकत नाही. दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी तोच दरवाजा आला पाहिजे, आणि रस्ते खरंच वेगळे हवेत, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याने कॉपी केलेले दोन ब्लॉग हा एकच रस्ता झाला. घरी आलेली जुनी पावती, खात्याचं पत्र, लायसन्सच्या मागे छापलेला पत्ता, हे पण चालतं. एकदा खात्री झाली की बुकमार्क करून टाका, परत परत सर्चच्या जंगलात कशाला जायचं.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलुपाच्या चिन्हाबद्दल मात्र अजून लोकांचा गैरसमज आहे. कुलूप दिसतंय म्हणजे साइट खरी, असं नाही हो. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कोणी चोरून वाचू शकत नाही, पण ती साइटच चोराची असली तर? लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्थेकडून २०१५ पासून त्या कुलुपासाठी लागणारं सर्टिफिकेट कोणालाही फुकट मिळतं, चांगल्याला पण आणि ठगाला पण. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमने २०२३ मधे ते कुलूप काढून तिथे सेटिंगसारखं साधं चिन्ह लावलं. पत्त्यात एचटीटीपीएस नसेल तर वाईट हे खरं, असेल तर चांगलं हे खोटं.

जाहिरातींचं पण थोडं. सर्चमधे सगळ्यात वर "स्पॉन्सर्ड" असं बारीक लिहिलेले निकाल म्हणजे पैसे देऊन वर आलेले. सरकारकडून थेट मिळणाऱ्या कागदपत्रांच्या जाहिराती सरकारने किंवा त्याने नेमलेल्यांनीच कराव्यात असा गूगलचा नियम आहे, तरी गाळणीतून बरंच काही सुटतं. सरकारी कामासाठी मी स्पॉन्सर्डवाला पट्टा न वाचताच खाली जातो, खरी साइट तिथे असली तरी खाली पण असतेच.

फोन नंबरच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. पत्ता वाचून निदान काहीतरी कळतं, नंबर वाचून काहीच कळत नाही, दहा आकडे काय आणि दुसरे दहा आकडे काय. ऑनलाइन नकाशावर एखाद्या ऑफिसचा नंबर बदलण्याची सूचना कोणीही देऊ शकतो, महाराष्ट्रात २०१८ मधे बँकेच्या शाखांचे नंबर असे बदलून लोकांना गंडवल्याचं पोलिसांकडे आलं होतं. लोक स्वतःहून फोन लावतात, म्हणून समोरच्यावर शंका येत नाही, आणि समोरचा शांतपणे कार्डचा नंबर विचारतो. आता एआयची उत्तरं पण आलीत, सर्चच्या वरच तयार उत्तर, त्यात नंबर. ते उत्तर पण कुठल्यातरी पानावरूनच उचललेलं असतं आणि ते पान कोणाचं होतं हे आपण उघडून बघत नाही. नंबर घ्यायचा तर खात्री केलेल्या साइटच्या संपर्क पानावरून, गाइडमधून नाही, नकाशावरून नाही, एआयकडून तर नाहीच.

अ‍ॅपचं तसंच. अ‍ॅप स्टोअरमधे सेवेचं नाव टाकलं की एकाच नावाची पाचसहा अ‍ॅप येतात, त्यातली काही नुसती "माहिती" देणारी, पानभर जाहिराती. खरं अ‍ॅप कोणतं ते सरकारी साइटवरच्या लिंकवरून जाऊन ठरवा, किंवा बनवणाऱ्याचं नाव बघा. गूगलच्या प्ले स्टोअरने २०२४ पासून भारतासकट काही देशांच्या सरकारी अ‍ॅपवर "गव्हर्न्मेंट" असा बिल्ला लावायला सुरुवात केली आहे, तो दिसला तर चांगलंच. मेसेजवर आलेली एपीके फाइल, म्हणजे स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप घालायची फाइल, मात्र कधीच घालायची नाही फोनमधे, "तुमच्या गाडीचं चलान आलंय, बघा" म्हणून येते ती ह्यातलीच, एकदा परवानग्या दिल्या की ती तुमचे ओटीपीचे मेसेज वाचत बसते.

पैसे भरताना एका गोष्टीने लोक उगाच घाबरतात. खऱ्या सरकारी साइटवरून पेमेंटला गेलं की पत्ता बदलतो, बँकेचा किंवा पेमेंट गेटवेचा येतो, हे नॉर्मल आहे. बघायचं ते हे की तुम्ही तिथे सरकारी साइटवरून गेलात का, रक्कम तीच आहे का, आणि पैसे भरल्यावर परत त्याच साइटवर येऊन अर्ज क्रमांक मिळाला का. कोणा माणसाच्या नावावर यूपीआय करा, स्कॅनर पाठवतो, असं आलं की मात्र विषय संपला, सरकारी फी कोणाच्या खासगी खात्यात भरली जात नाही.

समजा भरून बसलात एखाद्या खोट्या ठिकाणी, तर पहिला फोन बँकेला, कार्ड किंवा खातं ब्लॉक, तेही लाज न बाळगता आणि लगेच, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरायच्या आत थांबवता आले तरच काही आशा. भारतात असाल तर १९३० वर फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, दुसऱ्या देशात असाल तर तिथली जी यंत्रणा असेल ती. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर सगळीकडे बदला. ओळखपत्राचा फोटो गेला असेल तर तो काही परत येत नाही, पण तुमच्या नावावर कर्ज किंवा सिम निघतंय का त्यावर पुढचे काही महिने नजर ठेवा. पानाचे, पावतीचे, मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती साइट चार दिवसांनी गायब झालेली असते.

आणि ह्यानंतर जो फोन येईल त्याची तयारी ठेवा. "तुमचे अडकलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त थोडी फी भरा" असा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तुमचं नाव त्याच यादीतून त्याच्याकडे गेलेलं असतं, बोलणारा कधी वकील असतो, कधी सायबर सेलचा साहेब. तक्रार नोंदवल्यावर पैसे परत मिळवून द्यायला पोलीस फी घेत नाहीत, त्यामुळे फीचा शब्द आला की फोन ठेवा आणि तो नंबर पण तक्रारीत जोडा.